घाऊक मेलला मनाई: आधी आपल्या घरात, मग दारात

‘आमच्या नेटवर्कवरचा स्पॅम कसा थांबवू?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते: येणारा की जाणारा? विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा येणाराच असतो. जाणाऱ्याची आठवण होते ती आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) एखाद्या ब्लॉकलिस्टवर, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीवर, चढल्यावर, म्हणजे लेखा विभागाने पाठवलेली बिलं धडाधड परत यायला लागली की. मी क्रम बदलून काम करते. आपल्याकडून काय बाहेर जातं ते आधी आवळायचं, बाहेरून काय येतं ते नंतर बघायचं. बाहेरच्या माणसावर माझा हुकूम चालत नाही. माझ्या नेटवर्कवरच्या प्रिंटरपासून संचालकांच्या लॅपटॉपपर्यंत प्रत्येक यंत्रावर तो चालतो, किंवा चालायला हवा.

इथे लिहिलेलं कोणत्याही खासगी नेटवर्कला लागू पडेल: कंपनी, शिक्षणसंस्था, वसतिगृह, छोटा इंटरनेट पुरवठादार. मेल सर्व्हर स्वतःचा असला तर सगळं तुमच्या हातात असतं. भाड्याचा असला तर काही कळा पुरवठादाराच्या पॅनलवर असतात, पण नियम तुमचाच लागतो.

मनाई नेमकी कशाला

‘नको असलेल्या मेलला बंदी’ असं लिहिलंत तर भांडणं लागतील. नको असलेल्या मेल मला रोज येतात, त्यातल्या निम्म्या बैठकीच्या असतात.

व्याख्येत दोन अटी हव्यात आणि दोन्ही एकाच वेळी लागू व्हायला हव्यात. एक, घेणाऱ्याने ती मागितलेली नाही, म्हणजे ती पाठवायला त्याने आधी, स्वतःहून, तपासता येईल अशी संमती दिलेली नाही. दोन, ती घाऊक आहे, म्हणजे तोच मजकूर किंवा जवळपास तोच मजकूर अनेकांना जातो आहे आणि घेणारा नेमका कोण याने पाठवणाऱ्याला फरक पडत नाही. एका अनोळखी व्यक्तीला नीट विचार करून लिहिलेलं पहिलं पत्र न मागितलेलं असतं, पण घाऊक नसतं. दहा हजार वर्गणीदारांचं बातमीपत्र घाऊक असतं, पण मागितलेलं असतं. दोन्ही चालतात. स्पॅमहाउस ही १९९८ मध्ये सुरू झालेली संस्था ब्लॉकलिस्ट चालवते, तिचीही व्याख्या हीच.

या व्याख्येत मजकुराबद्दल एक अक्षर नाही, आणि ते मुद्दाम. जाहिरात असो, देणगीचं आवाहन असो, निवडणुकीचा प्रचार असो की ‘हरवलेलं मांजर’ असो, न विचारता घाऊक पाठवलं की मनाई. मजकुरावरून ठरवायला गेलात तर प्रत्येक जण तुमच्याकडे येऊन ‘पण आमचं काम चांगलं आहे हो’ म्हणणार, आणि बऱ्याचदा ते खरंच चांगलं असणार.

विक्री विभागातल्या एका सहकाऱ्याशी माझं झालेलं बोलणं देते, कारण हे तुमच्याही ऑफिसात होणारच. प्रदर्शनातून आणलेल्या व्हिजिटिंग कार्डांची एक्सेल फाइल घेऊन ते आले होते.

“मॅडम, ही लोकं आपल्याला ओळखतात. कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने दिलंय.”

“कार्ड तुम्हाला दिलंय. दर आठवड्याच्या ऑफर्सना दिलेलं नाही.”

“मग एकेकाला पाठवू?”

“एकेकाला लिहा. त्याच्याशी स्टॉलवर काय बोलणं झालं ते लिहून. मला काहीच हरकत नाही.”

ते नाराज होऊन गेले, पण त्यातल्या ज्यांच्याशी खरंच बोलणं झालं होतं त्यांना त्यांनी लिहिलं आणि उत्तरंही आली. बाकीच्यांची नावं त्यांना स्वतःलाच आठवत नव्हती. ‘एकेकाला पाठवू’ याचा दुसरा अर्थ, म्हणजे मेल मर्ज लावून तोच मजकूर एकेकाच्या नावाने, हाही घाऊकच. हे नियमात शब्दशः लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात कोणीतरी शोधून काढेलच. बीसीसीचंही, म्हणजे पत्ते लपवून एकच मेल अनेकांना पाठवण्याचंही, तसंच.

नियम लिहिताना

वापराच्या अटींचा कागद वकिलाकडून आणला तर दहा पानांचा येतो आणि कोणी वाचत नाही. मी एका पानाचा ठेवते. त्यात पुढच्या गोष्टी असल्या की पुरतं.

पहिलं म्हणजे वर दिलेली व्याख्या. मग कोणाला लागू: कर्मचारी, विद्यार्थी, पाहुणे, कंत्राटदार, आणि त्यांची यंत्रं. ‘यंत्रं’ हा शब्द गाळू नका. व्हायरस लागलेला लॅपटॉप मालकाच्या नकळत मेल पाठवत असतो, तेव्हा माणसाला दोषी न धरता यंत्र नेटवर्कवरून काढण्याचा अधिकार तुमच्याकडे हवा.

नियम दोन्ही दिशांना लागू आहे हे स्पष्ट लिहा: या नेटवर्कवरून घाऊक मेल पाठवायची नाही, आणि या नेटवर्कच्या सर्व्हरवर बाहेरून पाठवलेलीही आम्ही घेणार नाही. दुसऱ्या कुठल्या सेवेतून पाठवून आपल्या नेटवर्कवरच्या वेबसाइटची जाहिरात करणं हेही त्यातच घाला. ही पळवाट फार जुनी आहे: मेल दुसरीकडून सुटते, दुवा आपल्याकडे येतो, आणि तक्रारीही आपल्याकडे येतात.

संमतीचा पुरावा पाठवणाऱ्याने ठेवायचा, हे एक वाक्य सगळ्यात उपयोगी. कोणी, कधी, कोणत्या पानावरून नोंदणी केली आणि पुष्टीच्या दुव्यावर केव्हा क्लिक केलं. विकत घेतलेल्या याद्यांना थेट बंदी, ‘शंभर टक्के संमतीच्या’ असं विकणारा म्हणत असला तरी. संमती हस्तांतर होत नाही.

शेवटी कारवाई. ‘आम्ही योग्य ती कारवाई करू’ हे लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ‘तक्रार खरी वाटली तर खात्यावरून बाहेर जाणारी मेल लगेच थांबवू, त्यानंतर खातेदाराशी बोलू’ असं लिहा. हाच क्रम. आधी बोलायला गेलात तर बोलणं होईपर्यंत उरलेली यादी संपलेली असते. आणि कारवाईसाठी मेलचे लॉग तपासले जातील, म्हणजे कोणाकडून कोणाला, किती, केव्हा, हेही आधीच सांगून ठेवा. मजकूर उघडून वाचणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला वेगळी परवानगी लागेल असं ठरवा. लोकांचा विश्वास तिथे राहतो किंवा जातो.

हे कागदावर का हवंच

तांत्रिक माणसांना कागदाचा कंटाळा असतो, मलाही आहे. पण या विषयाचा इतिहासच कागदापासून सुरू होतो. १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा पाठवलं. यादी इतकी लांब होती की पत्त्यांच्या रकान्यात मावली नाही आणि उरलेले पत्ते मेलच्या मजकुरात सांडले. आर्पानेट चालवणाऱ्या अमेरिकी लष्करी विभागाने जो आक्षेप घेतला तो ‘जाहिरात वाईट’ असा नव्हता. हे नेटवर्क सरकारी कामासाठी आहे, तुम्ही वापराचा नियम मोडलात, असा होता. फिल्टर तेव्हा नव्हताच. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७५ मध्ये, संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ७०६ मध्ये (आरएफसी म्हणजे नेटवर्कचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) लिहून ठेवलं होतं की नको असलेले संदेश निवडून नाकारण्याची सोय यजमान यंत्राकडे नाही. नियम होता, कडी नव्हती.

पुढे दोन खटले झाले, ते मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. १९९७ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या संघीय न्यायालयात कॉम्प्युसर्व्ह (ऑनलाइन सेवा देणारी कंपनी) विरुद्ध सायबर प्रमोशन्स (घाऊक जाहिराती मेलने पाठवणारी). कॉम्प्युसर्व्हने आधी कळवलं होतं की आमची यंत्रं यासाठी वापरायची नाहीत, तांत्रिक अडथळेही लावले होते. समोरच्याने मेलचा उगम लपवून ते चुकवले. न्यायालयाने मनाई हुकूम दिला: खासगी यंत्रणेच्या मालकाने ‘नको’ सांगितल्यावरही वापरलीत, आणि तिच्यावर भार टाकलात.

दुसरा इंटेल विरुद्ध हमीदी. हमीदी नावाच्या एका माजी कर्मचाऱ्याने २१ महिन्यांत सहा वेळा, एकेका वेळी ३५,००० पर्यंत कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांवर, कंपनीवर टीका करणाऱ्या मेल पाठवल्या. ज्यांनी नको म्हटलं त्यांची नावं त्याने यादीतून काढली. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी इंटेलच्या विरोधात निकाल दिला, कारण यंत्रणेचं नुकसान झालं किंवा तिच्या कामात अडथळा आला हे दिसत नव्हतं. मजकुराने लोकांचं लक्ष विचलित झालं, एवढं पुरलं नाही.

तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, वकील वेगळं सांगेल. कामाची गोष्ट एवढी की ‘नको’ हे आधी कळवलेलं हवं आणि भार मोजलेला हवा. क्यूमध्ये (मेलच्या रांगेत) किती मेल अडकल्या, डिस्क किती भरली, किती तास गेले, हे आकडे घटना घडत असतानाच नोंदवा. नंतर आठवून लिहिलेल्या आकड्यांना कोणी विचारत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. ‘आमची मेल कायदेशीर आहे, तुम्ही अडवू शकत नाही,’ असं पाठवणारे छातीठोकपणे सांगतात, आणि बहुतेक वेळा अमेरिकेच्या कॅन-स्पॅम कायद्याचा हवाला देतात. तो १ जानेवारी २००४ पासून लागू आहे आणि त्यात आधी संमती घ्यायची सक्ती खरंच नाही; नाव काढण्याची सोय, टपाली पत्ता, खरा विषय वगैरे अटी आहेत. पण त्याच कायद्यात लिहिलं आहे की अमुक प्रकारची मेल पोचवायची नाही, साठवायची नाही असं इंटरनेट पुरवठादाराचं जे धोरण असेल, त्याच्या वैधतेवर या कायद्याचा काहीही परिणाम होत नाही. पाठवणं कायदेशीर असेल, पण ते घेणं कोणावर बंधनकारक होत नाही. युरोपीय संघाचा २००२ चा निर्देश तर जाहिरातीच्या मेलला आधी संमतीच मागतो, कॅनडाचा २०१४ पासूनचा कायदाही.

जाणाऱ्याला कडी

आता सर्व्हरकडे. सगळ्यात जास्त फळ देणारं काम सगळ्यात सोपं आहे: फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्यावर, बाहेर जाणारं पोर्ट २५ सगळ्यांना बंद करा आणि फक्त मेल सर्व्हरच्या आयपी पत्त्याला उघडं ठेवा. पोर्ट २५ हे सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचं दार आहे. माणसाच्या लॅपटॉपला त्याची गरज नाही. त्याने पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर, युजरनेम-पासवर्ड देऊन, आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवायची. एवढं केलं की व्हायरस लागलेल्या यंत्राने परस्पर पाठवलेला स्पॅम जागच्या जागी मरतो.

नुसतं अडवू नका, नोंदही ठेवा. ज्या यंत्राचे पोर्ट २५ वरचे प्रयत्न फायरवॉलच्या लॉगमध्ये मिनिटाला शेकड्याने दिसतात, ते यंत्र तुम्हाला स्वतःहून सांगतंय की मला काहीतरी लागलंय. हा लॉग मी सकाळी चहाबरोबर बघते. अँटिव्हायरसच्या अहवालापेक्षा मला याच्यावर जास्त भरवसा आहे.

पोर्ट बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी दोनतीन फोन येतील. स्कॅनरवरून मेल जात नाही, यूपीएसचा इशारा येत नाही, हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर रुसलंय. ही यंत्रं थेट बाहेर बोलत होती. त्यांना आपल्या सर्व्हरकडे वळवा, प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि त्या खात्याला फक्त ठरावीक पत्त्यांवरच पाठवता येईल असं बांधा. ‘स्कॅनरला पासवर्ड टाकता येत नाही म्हणून आतल्या सगळ्या आयपींना बिनपासवर्ड पाठवू दे’ हा उपाय कोणीतरी सुचवेलच. तो मान्य केलात तर पाहुण्यांच्या वायफायवरचं यंत्रही त्या सवलतीत येऊ शकतं. द्यायचीच तर त्या एका स्कॅनरच्या आयपीला द्या.

मग मर्यादा. प्रत्येक खात्याला तासाला किती घेणारे आणि दिवसाला किती, हे ठरवा. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मेलला घेणाऱ्यांची मूळ मर्यादा १,००० असते, माणसाने हाताने लिहिलेल्या मेलला ती फारच ढगळ आहे. योग्य आकडा मी सांगू शकत नाही, तुमचे लॉग सांगतील: दोनतीन आठवडे मोजा, सगळ्यात बोलक्या माणसाचा आकडा बघा, त्याच्या दुप्पट ठेवा. मात्र कमी मर्यादा फक्त पोर्ट ५८७ आणि ४६५ वर लावा. बाहेरच्या सर्व्हरशी बोलताना एका खेपेत निदान १०० घेणारे स्वीकारावे लागतात असं आरएफसी ५३२१ सांगतो.

मर्यादा ओलांडली की मेल फेकू नका, अडकवून ठेवा आणि तुम्हाला इशारा येऊ द्या. रात्री दोन वाजता लेखा विभागातल्या एखाद्या खात्यातून शेकडो मेल निघत असतील तर तिथे लेखापाल बसलेले नाहीत, त्यांचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात गेलाय. तेव्हा हे करा, याच क्रमाने: खात्याची पाठवण्याची परवानगी थांबवा, त्याच्या क्यूमधल्या मेल रोखून धरा, चालू असलेली सगळी लॉगिन सत्रं तोडा, पासवर्ड बदला, आणि मग खात्यातले नियम उघडून बघा. शेवटची पायरी हमखास विसरली जाते. घुसलेल्याने ‘अमुक शब्द असलेली मेल बाहेरच्या या पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक’ असा नियम करून ठेवलेला असतो, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम इमानेइतबारे चालू राहतो.

दोन भोकं लोकांच्या लक्षात येत नाहीत. वेबसाइटवरचा संपर्काचा फॉर्म, विशेषतः ‘मला प्रत पाठवा’ असा चौकोन असलेला. पत्त्याच्या जागी परक्याचा पत्ता आणि मजकुराच्या जागी जाहिरात टाकली की तुमचा सर्व्हर ती तुमच्या नावाने पोचवतो. तो चौकोन काढून टाका. दुसरं म्हणजे बाहेरच्या खात्यावर आपोआप पुढे पाठवणं: आलेला स्पॅमही पुढे जातो आणि पुढच्याला तो तुमच्याकडूनच आलेला दिसतो. मी ही सोय सरसकट बंद ठेवते, मागितली तर कारण विचारते.

येणाऱ्याला कडी

पहिली तपासणी: तुमचा सर्व्हर परक्याची मेल परक्याला पोचवून देत नाही ना. याला ओपन रिले म्हणतात. गेल्या शतकाच्या शेवटापर्यंत असे सर्व्हर सर्रास होते, आता प्रचलित सॉफ्टवेअर मुळातच बंद येतं, पण कोणीतरी घाईत सेटिंग उघडलेलं असू शकतं. शेवटी ही तपासणी कशी करायची ते सांगते.

नाकारायचं ते बोलणं चालू असतानाच नाकारा, हा येणाऱ्या मेलचा मुख्य नियम. समोरचा सर्व्हर जोडला जातो, तुमचा २२० हा सांकेतिक आकडा सांगून स्वागत करतो. तो आपलं नाव सांगतो, पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो, मग घेणाऱ्याचा. या क्षणी, मजकूर यायच्या आधी, तुमचा सर्व्हर ५५० म्हणू शकतो: घेत नाही. जबाबदारी पाठवणाऱ्याकडेच राहते. त्याऐवजी २५०, म्हणजे ‘ठीक’, म्हणून मेल घेतलीत, मग तपासलीत आणि ‘पोचली नाही’ असं पत्र उलट पाठवलंत, तर ते पत्र कोणाला जाणार? स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा बनावट असतो. ज्याच्या नावाने बनावट केली त्या बिचाऱ्याला तुमची शेकडो पत्रं मिळतात. म्हणजे मनाई करता करता तुम्हीच न मागितलेली घाऊक मेल पाठवू लागता. अस्तित्वात नसलेल्या खात्यांनाही याच टप्प्यावर नकार द्या.

५५० च्या पुढे माणसाला वाचता येईल असं एक वाक्य टाका: ‘या नेटवर्कवर न मागितलेली घाऊक मेल स्वीकारली जात नाही, चुकून अडली असेल तर इथे कळवा’, आणि एक वेबपानाचा दुवा. हे वाक्य इंग्रजी अक्षरांतच ठेवा, जुने सर्व्हर दुसरी लिपी चिरडतात. काही जण स्वागताच्या २२० च्या ओळीतही मनाईची पाटी लावतात. लावा, ‘कळवलं होतं’ म्हणायला बरं. स्पॅम पाठवणारा प्रोग्राम ती वाचत नाही.

ब्लॉकलिस्टनी मोठा भार हलका होतो. तुमचा सर्व्हर डीएनएसमधून (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेतून) विचारतो की हा आयपी यादीत आहे का, आणि १२७ ने सुरू होणारा पत्ता उत्तरात आला की आहे. इथे एक खड्डा आहे. स्पॅमहाउसच्या फुकट यादीला तुम्ही एखाद्या मोठ्या सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) विचारलंत तर ती उत्तर द्यायचं नाकारते आणि १२७.२५५.२५५.२५४ हा ‘विचारण्यात चूक आहे’ असं सांगणारा पत्ता पाठवते. ‘काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत आहे’ असं तुमचं सेटिंग असलं तर त्या क्षणापासून जगातली प्रत्येक मेल परत जाते. म्हणून स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा आणि कोणती उत्तरं नकार मानायची ते नेमकं लिहा. याद्या एकदोनच पुरतात. आठ याद्या लावणाऱ्यांकडे निम्मा वेळ ‘आमची मेल का अडली’ याची उत्तरं देण्यात जातो.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्या डोमेनची ओळख पटवणाऱ्या तीन पद्धतींबद्दल थोडक्यात, कारण माहिती सगळीकडे आहे. ते स्पॅम ओळखत नाहीत, ‘हा म्हणतो तोच आहे का’ एवढं तपासतात. स्पॅमवाल्यालाही स्वतःच्या डोमेनचं बिनचूक एसपीएफ लावता येतं, आणि तो लावतो. पण तुमच्या डोमेनचं सोंग घेऊन आत येणाऱ्याला ते अडवतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच ठेवा आणि तिच्यातले डीएनएसचे शोध दहाच्या आत ठेवा. त्यापुढे गेलात तर ती नोंदच चुकीची धरली जाते. डीमार्क आधी नुसतं बघण्याच्या पातळीवर ठेवून अहवाल वाचा. पगाराचं सॉफ्टवेअर, बातमीपत्राची सेवा, कोण कोण तुमच्या नावाने पाठवतंय ते कळतं. सगळे रांगेत आले की नकाराच्या पातळीवर न्या.

ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेला ‘नंतर या’ म्हणणं, एके काळी जादू होती. आता मोठ्या सेवा दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपीवरून येतात आणि ओटीपी उशिरा पोचले की लोक ओरडतात. मी बंद केलं. मजकूर तपासणारा फिल्टर शेवटी लावा. त्याने संशयित ठरवलेल्या मेल स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाका, गायब करू नका. न सांगता गिळलेली एक खरी मेल शंभर स्पॅमपेक्षा महाग पडते.

तक्रारपेटी

‘अब्यूज’ आणि ‘पोस्टमास्टर’ या दोन नावांचे पत्ते चालू ठेवा आणि ते खऱ्या माणसाकडे जाऊ द्या. पोस्टमास्टर तर प्रत्येक मेल घेणाऱ्या डोमेनला सक्तीचाच आहे. या पेट्यांवर स्पॅम फिल्टर लावू नका, तक्रारीत स्पॅमचा नमुना जोडलेला असतो आणि फिल्टर तक्रारच खाऊन टाकतो.

तक्रार आली की पूर्ण हेडर, म्हणजे मेलच्या डोक्यावरच्या प्रवासाच्या तांत्रिक नोंदी, बघा. ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, सगळ्यात वरची सगळ्यात ताजी. पण खालच्या ओळी कोणीही खोट्या लिहू शकतो. भरवसा फक्त आपल्या किंवा खात्रीच्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवर, आणि त्या ओळीतही चौकटी कंसातल्या आयपीवर. समोरच्याने स्वतः सांगितलेल्या नावावर नाही. ‘बँकेचा सर्व्हर (अनोळखी [१९२.०.२.४५])’ असं दिसलं तर बँक हे त्याचं म्हणणं आहे, १९२.०.२.४५ हे तुमच्या सर्व्हरने पाहिलेलं आहे. मग तो आयपी आणि वेळ घेऊन आपल्या लॉगमध्ये जा. यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली हवीत, नाहीतर दोन लॉग एकमेकांना ओळख देत नाहीत.

ज्यांना खरंच घाऊक पाठवायचंय

नुसतं ‘नाही’ म्हणालात तर लोक चोरवाटा शोधतात. म्हणून एक दार अधिकृत ठेवा. बातमीपत्रासाठी वेगळं सबडोमेन, वेगळा आयपी, म्हणजे तिथे काही बिघडलं तरी रोजच्या मेलला झळ बसत नाही. नोंदणी दोन टप्प्यांत: पत्ता भरला की पुष्टीची मेल जाते, तिच्यातल्या दुव्यावर क्लिक केल्याशिवाय नाव यादीत जात नाही. एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय हेडरमध्येच असावी. २०२४ पासून गुगल आणि याहू घाऊक पाठवणाऱ्यांकडून हे मागतातच. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. नियम माझा आहे म्हणून जे लोक वाद घालतात, ते गुगलचं नाव ऐकलं की गप्प बसतात. मी ते नाव सढळ हाताने वापरते.

आता मोडून बघा

सगळं लावून झालं की नेटवर्कच्या बाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून नको कारण तिथे पोर्ट २५ बहुधा बंद असतं, एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवरून टेलनेटने (हाताने आज्ञा टाकता येणाऱ्या साध्या प्रोग्रामने) आपल्या मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ ला जोडा. हाताने ‘ईएचएलओ’ (EHLO, ओळख देण्याची आज्ञा) टाका, पाठवणारा म्हणून दुसऱ्या कुठल्या डोमेनवरचा स्वतःचा पत्ता द्या, घेणारा म्हणून तिसऱ्या डोमेनवरचा स्वतःचाच पत्ता द्या. उत्तर ५५४ किंवा ५५० आणि ‘रिले नाकारला’ अशा अर्थाचं यायला हवं. २५० आलं तर बाकी सगळं सोडून आधी तेच दुरुस्त करा. मग आपल्या डोमेनवरचं नसलेलं एखादं खातं घेणारा म्हणून देऊन बघा, तिथेही ५५० यावं. आत येऊन एका साध्या लॅपटॉपवरून बाहेरच्या सर्व्हरचं पोर्ट २५ उघडून बघा, जोडणी लागता कामा नये, आणि तो प्रयत्न फायरवॉलच्या लॉगमध्ये दिसायला हवा. पाहुण्यांच्या वायफायवरूनही हेच करा. शेवटी एका चाचणीच्या खात्यातून मर्यादेपेक्षा जास्त मेल स्वतःच्याच पत्त्यावर सोडा आणि इशारा तुमच्या फोनवर किती वेळात येतो ते बघा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, फायरवॉल बदलली किंवा नवीन प्रिंटर आला की या चाचण्या पुन्हा करायच्या. मी त्या एका स्क्रिप्टमध्ये घालून ठेवल्यात, ती दर सोमवारी आपोआप चालते.